मुलांचे कॉलेज : खर्च, कर्ज आणि उतारा

(ऊस विकास विभाग, झरी गट कार्यालयाकडून)



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा घेतला आहे. पण तो तुमच्या उसाच्या बिलाशी आणि सात-बाराशी इतका जोडलेला आहे, की तो ऊस विकासाच्या पानावर आला याचे कुणाला नवल वाटू नये.

बारावीचा निकाल लागला की गट कार्यालयात येणाऱ्या सभासदांचे प्रश्न बदलतात. "साहेब, खोडव्याला खताचा हप्ता कधी द्यायचा?" हे मागे पडते आणि "उभ्या उसावर बँकेला दाखला मिळेल का?", "राहिलेलं बिल लवकर निघेल का?" असे प्रश्न सुरू होतात. पोराला नाहीतर पोरीला कॉलेजात घालायचे असते. शिकवावे की नाही, हा प्रश्न आता झरीच्या शिवारात उरलेला नाही. शिकवायचेच आहे. पण को ८६०३२ लावायचा की फुले २६५, यावर आपण पारावर दोन-दोन तास चर्चा करतो. कुणाच्या रानात किती टन पडला, खोडवा कसा आला, सगळी चौकशी करतो. आणि चार वर्षांत आठ-नऊ लाख रुपये जिथे जाणार त्या कॉलेजचा उतारा काय, हे मात्र कुणी विचारत नाही. इमारत मोठी आहे, पाहुण्याचा मुलगा तिथेच आहे, एवढ्यावर प्रवेश होतो.

म्हणून कॉलेजचा हिशेब उसाच्या हिशेबासारखाच कसा मांडायचा, ते या लेखात सांगतो. हिशेबाचे तीन भाग आहेत : पूर्ण खर्च, कर्जाचे ओझे आणि शेवटी हाती येणारा उतारा. तिन्ही मांडल्याशिवाय एक कॉलेज स्वस्त आणि दुसरे महाग असे म्हणता येत नाही.

आपल्या भागातील वाटा

आधी थोडा इतिहास. १९५८ पर्यंत मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. इथली कॉलेजे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १८ मे १९७२ ला परभणीत कृषी विद्यापीठ आले. १९८१ मध्ये नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था उभी राहिली. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झाले आणि आपला जिल्हा त्याला जोडला गेला. २०२३ मध्ये परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. आजोबांना जे शिक्षण घ्यायला हैदराबाद गाठावे लागत होते, त्यातले बरेचसे नातवाला एस.टी.च्या पासावर मिळते.

दुसरी गोष्ट १९८३ ची. त्या वर्षी वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यानंतर खासगी संस्था झपाट्याने वाढल्या. सहकारात काम केलेल्या अनेकांनीही त्या काढल्या. ग्रामीण मुलांना दारे उघडली हे खरे. पण खर्चाचा भार सरकारकडून पालकाच्या खांद्यावर आला हेही तितकेच खरे. सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित अशा तिन्ही प्रकारच्या संस्थांत एकाच नावाची पदवी मिळते, पण शुल्कात जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून पहिला प्रश्न "संस्था कोणत्या प्रकारची?" हा विचारावा.

पूर्ण खर्च मांडा, नुसती फी नको

एकरी खर्च काढताना आपण नुसते बेणे धरत नाही. मशागत, खत, पाणी, खुरपणी, बांधणी सगळे धरतो. कॉलेजच्या बाबतीत मात्र फीचा आकडा ऐकला की हिशेब संपतो. खाली तीन वाटांचे हिशेब दिले आहेत. आकडे मांडणी समजावी म्हणून धरलेले आहेत. तुमचा खरा आकडा त्या संस्थेच्या शुल्कपत्रकावरून घ्यावा.

पहिली वाट : पुण्या-संभाजीनगरकडे खासगी अभियांत्रिकी, ४ वर्षे.
शिक्षण व विकास शुल्क वर्षाला १,१०,००० रु.
खोली आणि खानावळ ८०,००० रु.
पुस्तके, परीक्षा, जाणे-येणे १५,००० रु.
एका वर्षाचे २,०५,००० रु.; चार वर्षांचे ८,२०,००० रु.
संगणक ४५,००० रु. धरून एकूण ८,६५,००० रु.

दुसरी वाट : दहावीनंतर नांदेड किंवा लातूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात पदविका, ३ वर्षे.
शुल्क वर्षाला १०,००० रु.
राहणे-जेवण ६०,००० रु.
पुस्तके व इतर ८,००० रु.
एका वर्षाचे ७८,००० रु.; तीन वर्षांचे २,३४,००० रु.

तिसरी वाट : झरीहून रोज एस.टी.ने परभणीला जाऊन बी.एस्सी. किंवा बी.कॉम., ३ वर्षे. परभणीत श्री शिवाजी, ज्ञानोपासक अशी जुनी महाविद्यालये आहेत. जिंतूरकडूनही सोय आहे.
शुल्क वर्षाला १०,००० रु.
पास, डबा, चहापाणी १२,००० रु.
पुस्तके ५,००० रु.
एका वर्षाचे २७,००० रु.; तीन वर्षांचे ८१,००० रु.

पहिल्या वाटेत फी म्हणून जाहीर झालेला आकडा ४,४०,००० रुपयांचा आहे, आणि खर्च त्याच्या जवळजवळ दुप्पट. उरलेला निम्मा राहण्या-खाण्यात गेला. त्यामुळे दूरच्या सरकारी कॉलेजपेक्षा जवळचे खासगी कॉलेज कधी स्वस्त पडते आणि कधी उलटही होते. मांडल्याशिवाय कळत नाही. एस.टी.च्या विद्यार्थी पासावर दोन तृतीयांश सवलत असते, हे घरी राहून शिकणाऱ्याच्या बाजूला धरावे.

तिसरी वाट सर्वांत स्वस्त दिसते म्हणून तीच चांगली, असा अर्थ कुणी काढू नये. बियाणे स्वस्त मिळाले म्हणून पीक चांगले येते असे नाही. पुढे उताऱ्याच्या भागात हे पाहूच.

प्रवेशाआधीचा आणि पदवीनंतरचा खर्च

दोन खर्च बहुतेक घरांत कुठेच लिहिले जात नाहीत.

पहिला अकरावी-बारावीचा. लातूर-नांदेडला शिकवण्या लावून मुलाला ठेवणे ही आता रीतच झाली आहे. दोन वर्षांच्या शिकवण्या, खोली, खानावळ. मार्क कमी पडले तर पुन्हा एक वर्ष. तिसऱ्यांदा परीक्षेला बसवताना घरात कुणी "आजवर किती गेले?" असे विचारत नाही, कारण विचारले तर मुलाचा धीर सुटेल असे वाटते. पण विचारावे. आधीच ठरवावे, की एवढे प्रयत्न आणि एवढी रक्कम, त्यानंतर दुसरी वाट. आधी ठरलेली मर्यादा मुलालाही सोपी जाते.

दुसरा खर्च पदवीनंतरचा. पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात राहणारी आपल्या भागातली मुले कमी नाहीत. महिना १०,००० रुपये धरले तरी तीन वर्षांचे ३,६०,००० होतात. शिवाय त्या तीन वर्षांची कमाई बुडते ती वेगळीच. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असतात. प्रयत्न जरूर करावा, अधिकारी झालेली मुले आपल्यातूनच गेली आहेत. पण किती प्रयत्न हे इथेही आधी ठरवावे. नाहीतर शिक्षणकर्जाचे हप्ते सुरू होतात तेव्हा मुलगा अजून अभ्यासिकेतच असतो, आणि हप्ता उसाच्या बिलातून जातो.

सवलती : ज्या मागितल्याशिवाय मिळत नाहीत

खर्च मांडून झाला की त्यातून काय वजा होते ते पाहावे.

(१) व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून घ्यावा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की राज्य सरकारच्या शुल्क सवलती सहसा हातच्या जातात. "फेऱ्यांची कटकट कशाला, आमच्याकडे थेट घ्या," असे सांगणारा भेटला तर त्या थेट प्रवेशाची किंमत किती हे आधी काढावे.

(२) राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर पात्र विद्यार्थ्याच्या शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलते. इतर मागास, भटके-विमुक्त, अनुसूचित जाती-जमाती यांच्यासाठी स्वतंत्र योजना आहेत.

(३) मुलींसाठी जुलै २०२४ चा शासन निर्णय महत्त्वाचा आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमात २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह, खानावळ यात येत नाही.

(४) अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आपल्यातले कितीतरी सभासद अल्पभूधारक आहेत. तलाठ्याकडचा तो दाखला वेळेवर काढून ठेवावा.

हे सगळे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर होतात आणि दरवर्षी नव्याने भरावे लागतात. पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी विसरला, तर त्या वर्षाची सवलत जाते. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला निकालाच्या आधी तयार हवा. निकालानंतर तहसीलला रांग लागते, हे आम्ही दरसाल पाहतो.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टच बोलतो. मुलाला पुण्याला खासगी अभियांत्रिकी आणि मुलीला "जवळच काहीतरी" असा निवाडा अजून काही घरांत होतो. वरची सवलत धरून हिशेब केला तर पहिल्या वाटेतले शिक्षण शुल्क मुलीसाठी जवळजवळ गळून पडते. तोच अभ्यासक्रम मुलीला मुलापेक्षा पुष्कळ कमी खर्चात शिकवता येतो. मुलीला जास्त मार्क असतील, तर पैशाचे कारण आता पुढे करता येणार नाही.

कर्ज : सहीच्या आधी पाच मिनिटे

शिक्षणकर्ज वाईट नाही. सावकाराकडे जाण्यापेक्षा किंवा बांधाचा तुकडा विकण्यापेक्षा ते शंभरपट बरे. पण त्याचे काही नियम समजून घ्यावेत.

बँकांच्या आदर्श शिक्षणकर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण किंवा त्रयस्थ जामीन लागत नाही. आई-वडील सहकर्जदार असतात. ४ ते साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थ जामीन मागू शकतात. साडेसात लाखांपुढे तारण लागते, आणि तिथे सात-बारा पुढे येतो. म्हणजे कर्ज साडेसात लाखांच्या आत ठेवता आले तर जमीन मोकळी राहते, हा पहिला फायदा.

शिक्षणाची वर्षे आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो. पुष्कळांना वाटते, हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही. तसे नाही. व्याज पहिल्या दिवसापासून चढते. उदाहरण पाहा.

दरवर्षी सव्वा लाख याप्रमाणे चार वर्षांत ५ लाख कर्ज उचलले. व्याज १० टक्के धरू. पहिल्या वर्षाच्या सव्वा लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन, अशी एकूण चौदा वर्षांची सरळव्याज आकारणी होते. दरसाल १२,५०० प्रमाणे १,७५,००० रुपये. म्हणजे पहिला हप्ता भरायची वेळ येते तेव्हा कर्ज ५ लाख नसून ६,७५,००० असते. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ८,९२० रुपये हप्ता बसतो. दहा वर्षांत भरायचे एकूण १० लाख ७० हजार. उचललेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त.

शिकत असतानाचे व्याज आपण तेव्हाच भरत गेलो, किंवा सरकारने भरले, तर हप्ता सुमारे ६,६१० वर येतो. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त संस्थेतील व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी सवलतीच्या काळातले व्याज भरण्याची केंद्र सरकारची योजना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत, यादीतील संस्थांसाठी, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांनाही १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत ठेवली आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे बँकेत आणि कॉलेजात दोन्हीकडे विचारावे.

आता हाच हप्ता उसात मोजू. २०२५-२६ हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. साडेनऊ टक्के वा त्याखाली ३,२९०.५० रुपये. समजा, तोडणी-वाहतूक वजा जाता टनामागे २,६०० रुपये हाती आले आणि त्यातून लागवडीचा खर्च जाऊन १,००० रुपये खरी शिल्लक राहिली. महिना ८,९२० म्हणजे वर्षाला १ लाख ७ हजार. म्हणजे १०७ टन उसाची पूर्ण शिल्लक. एकरी ३५ टन धरले तर तीन एकर उसाची सगळी कमाई, सलग दहा वर्षे, दुष्काळ असो की हुमणी. घरी दोनच एकर ऊस असेल, तर हे कर्ज मुलाच्या पगारातूनच फिटले पाहिजे. शेतातून ते फिटणार नाही.

आणि सहकर्जदार म्हणून सही तुमची असते. हप्ते थकले तर नोंद तुमच्याही नावावर पडते आणि पुढच्या वर्षी पीककर्ज मागायला गेल्यावर तीच आडवी येते. मुलाने शिक्षण अर्ध्यावर सोडले तरी कर्ज सुटत नाही. तोडणीआधी ऊस जळाला तरी पीककर्ज राहतेच, तसेच ते.

उतारा : संस्थेला काय विचारावे

आता मुख्य भाग. कॉलेजच्या जाहिरातीत "सर्वोच्च पॅकेज १२ लाख" असे लिहिलेले असते. ऊस पीक स्पर्धेत एखाद्याने एकरी शंभर टन काढला, म्हणून आपण शेजारच्या रानाचा अंदाज शंभर टन धरतो का? नाही. मग इथेही धरू नये.

दहा मुलांचा वर्ग घेऊ. एकाला वर्षाला १२ लाख, दोघांना ४ लाख, तिघांना २ लाख ४० हजार, आणि चौघांना काहीच नाही. कॉलेज छापील पत्रकात १२ लाख लिहील. जरा प्रामाणिक असेल तर नोकरी लागलेल्या सहांची सरासरी सांगेल, ती साडेचार लाख येते. पण त्या सहांना पगाराप्रमाणे ओळीत उभे केले तर मधला पगार ३ लाख २० हजार. आणि सगळ्या दहांना ओळीत उभे केले तर मधल्याच्या हाती २ लाख ४० हजार. चारही आकडे खरे आहेत. तुमचा मुलगा वर्गात पहिला येईल असे धरून कर्ज काढू नका. मधल्या मुलाचा आकडा धरून काढा.

लागणीनंतर आपण उगवण किती, फुटवे किती आणि शेवटी गाळपाला आलेले ऊस किती, असे तीनदा मोजतो. कॉलेजातही तीनदा मोजावे :

— पहिल्या वर्षी किती मुलांनी प्रवेश घेतला?
— ठरलेल्या मुदतीत किती पास होऊन बाहेर पडले?
— त्यातल्या किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले, आणि मधला पगार किती?

ही माहिती गुपित नाही. केंद्र सरकारची संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी, एनआयआरएफ, २०१६ पासून जाहीर होते. तिच्यात भाग घेणाऱ्या संस्थांना प्रवेश, मुदतीत उत्तीर्ण, नोकरी, उच्चशिक्षण आणि मधला पगार हे आकडे भरून द्यावे लागतात, आणि संस्थांनी ते आपल्या संकेतस्थळावर ठेवायचे असतात. गावातला कुठलाही बारावीचा पोरगा मोबाईलवर काढून देईल. संस्था भाग घेत नसेल तर तेच तीन प्रश्न कार्यालयात लेखी विचारावेत. उत्तर टाळले, तर ते टाळणेच उत्तर समजावे. शिवाय मागील दोन-तीन वर्षांत तिथून बाहेर पडलेल्या, आपल्या भागातल्या चार-पाच मुलांना गाठून विचारावे. बेणे घेण्याआधी आपण बेणेमळा बघून येतो ना, तसे.

हप्ता आणि पगार यांचा मेळ घालायला आमचा एक ठोकताळा आहे : हप्ता हाती येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसला पाहिजे. ८,९२० चा हप्ता पेलायला महिना २७,००० च्या आसपास हाती यायला हवेत. वरच्या वर्गातला मधला मुलगा महिना २०,००० मिळवतो. पुण्यात खोली-खानावळीला दहा-बारा हजार गेले की उरलेल्यात हप्ता जेमतेम, घरी पाठवायला काही नाही. अशा कॉलेजसाठी ५ लाख कर्ज जड आहे. अडीच-तीन लाखांत बसवता आले तर घ्यावे, नाहीतर दुसरी वाट पाहावी.

काही वाटांविषयी चार शब्द

साधी पदवी. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या श्रमबल पाहणीत १५ वर्षांवरील लोकांत बेरोजगारी ३.२ टक्के होती, पदवीधरांत मात्र १३.४ टक्के. याचा अर्थ शिक्षण वाया जाते असा नाही. न शिकलेल्याला मिळेल ते काम करावे लागते, पदवीधर योग्य कामाची वाट बघतो. पण नुसत्या पदवीच्या कागदावर काम मिळत नाही, हे खरे. बी.एस्सी., बी.कॉम. करणाऱ्याने सोबत लेखा, संगणक, प्रयोगशाळा यांतले हाताला काम देणारे एक कौशल्य पक्के करावे. खर्च कमी असल्याने ही वाट कर्जाशिवाय होते, ही तिची मोठी जमेची बाजू.

पदविका. हिचा खोडवा घेता येतो. तीन वर्षांनी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मुलाचा कल कळायला तीन वर्षे स्वस्तात मिळतात.

आयटीआय. फिटर, वीजतंत्री, वेल्डर अशा कामांसाठी शासकीय आयटीआयचा खर्च थोडका आहे आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकता येते. याला कमी लेखू नये.

कृषी पदवी. परभणीचे विद्यापीठ दारात आहे, पण घटक महाविद्यालयाची जागा आणि खासगी महाविद्यालयाची जागा यांच्या खर्चात फरक आहे, आणि चार वर्षांनंतर बहुतेक जण स्पर्धा परीक्षेकडेच वळतात. तो खर्च आधीच धरावा.

साखर धंदा. सभासदांच्या मुलांनी इकडे पाहावे असे आम्हाला वाटते. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था १९३६ पासून आणि मांजरीची आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून साखर व संबंधित विषयांचे शिक्षण देते. मात्र कारखान्यातल्या पुष्कळ जागा हंगामी असतात, हे धरूनच निर्णय घ्यावा.

परदेशातील वैद्यकीय. दलाल गावापर्यंत येतात. तिथली पदवी घेऊन आल्यावर इथे परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि जून २०२४ च्या परीक्षेत पाचांत सुमारे एकच जण उत्तीर्ण झाला. जमीन विकून पाठवण्याआधी हा उतारा लक्षात ठेवावा.

प्रवेशाच्या दिवशी

देणगी मागणे हा १९८७ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. खासगी व्यावसायिक महाविद्यालयाचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. तो मंजूर आकडा आधी पाहून जावा. गुणपत्रक आणि दाखल्यांच्या दोन-दोन प्रती घरी ठेवाव्यात. वसतिगृहाचे वेगळे शुल्क किती आणि दरवर्षी किती वाढते हे लिहून घ्यावे.

शेवटी एक काम सांगतो. वहीचे एक पान घ्या. त्यावर दोन किंवा तीन कॉलेजांची नावे शेजारी-शेजारी लिहा. प्रत्येकाखाली पाच ओळी : पूर्ण मुदतीचा खर्च, वजा सवलती, कर्ज, हप्ता, आणि मधल्या मुलाचा पगार. हे पान मुला-मुलीला शेजारी बसवूनच भरा, कारण हप्ता उद्या त्यालाच भरायचा आहे आणि घरची ऐपत त्याला आज कळलेली बरी. पान भरून झाल्यावरही महागडे कॉलेजच योग्य वाटले, तर बेलाशक घ्या; तो निर्णय डोळे उघडे ठेवून घेतलेला असेल.

हप्ता, व्याज किंवा टनाचा हिशेब मांडताना कुणाला अडचण आली तर शुल्कपत्रक घेऊन झरी गट कार्यालयात यावे. माती परीक्षणाचा अहवाल जसा आपण समोर बसून वाचतो, तसाच हाही वाचू.

आपले,
ऊस विकास अधिकारी व कर्मचारी, झरी गट